वाफशावरची शर्यत

लग्नकार्यात, बँकेच्या रांगेत, कुणी ना कुणी विचारतंच, "रिटायर झाल्यावर काय करता?" मी सांगतो, मोटारसायकलच्या शर्यतीसाठी माती तयार करतो. समोरचा आधी माझ्या पिकल्या मिशांकडं बघतो आणि मग माझ्या बायकोकडं. मंदा लगेच सावरून घेते, "शेती आहे हो आमची, पाचोडला." दोन्ही खरं आहे. पाचोडला मोसंबीची बाग आहे, ती धाकटा भाऊ दत्ता बघतो. मी मुकुंदवाडीत राहतो आणि गेली काही वर्षं शहराच्या आजूबाजूच्या मैदानांत मोटोक्रॉसचे ट्रॅक बांधतो.

मोटोक्रॉस म्हणजे मातीवरची शर्यत. डांबर नाही, सरळ रस्ता नाही. वळणं, उंचवटे, लाटांसारख्या ओळीनं केलेल्या टेकड्या आणि गाडी हवेत फेकणारे मातीचे मोठे चढ, त्यांना आम्ही उड्याच म्हणतो. हलक्या, उंच गाड्या त्या उड्यांवरून दुमजली घराएवढ्या वर जातात आणि पुन्हा मातीवर येतात. बघणाऱ्याचं लक्ष वर गेलेल्या गाडीकडं असतं. माझं लक्ष ती कशावर उतरणार याच्याकडं असतं.

नोकरीत मी एका रस्ते कंत्राटदाराकडं ग्रेडर चालवायचो. ग्रेडर म्हणजे पोटाखाली लांब पातं असलेलं यंत्र. मुरूम पसरला की त्या पात्यानं तो एकसारखा करायचा आणि मागून रोलर फिरवायचा. उमेदीची सगळी वर्षं जमीन सपाट करण्यात गेली. शेवटच्या वर्षांत एकदा मालकानं मला यंत्रासह एका मैदानावर पाठवलं. गाड्यांच्या शर्यतीसाठी चढ करून द्यायचा होता. मी उड्डाणपुलाला शोभेल असा चढ करून दिला, वरून रोलर फिरवला आणि खूश होऊन बाजूला उभा राहिलो. ग्रीसचे डाग पडलेल्या शर्टातला एक उंच माणूस आला, त्यावर चढला, बुटाची टाच दोनदा आपटली आणि मला म्हणाला, "नाना, बहुत बढिया बनाए. पण पोरं मरतील ह्याच्यावर."

हे रशीदभाई. खुलताबादला त्यांचं गॅरेज आहे. तरुणपणी स्वतः गाडी उडवायचे. त्या दुपारी त्यांनी मला जमिनीवर काडीनं रेघा ओढून दाखवलं, की चढाचा शेवट कसा हवा, आणि उतरायची बाजू लांब, तिरकी आणि थोडी मऊ का हवी. सपाट, टणक जागेवर गाडी पडली, तर तो दणका थेट माणसाच्या पाठीच्या मणक्यात जातो. मी त्यांना माती कशी दबते, पाणी कुठून निघतं, हे सांगितलं. तेव्हापासून आम्ही जोडीनं काम करतो. माझ्याकडं यंत्रं, त्यांच्याकडं पाण्याचा टँकर. भांडणं दोघांकडं सारखीच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, माती म्हणजे माती. मैदान नांगरलं, चार ढीग घातले, झाला ट्रॅक. तसं नसतं. आपल्याकडची काळी माती ओली झाली की चाकाला अशी चिकटते, की चाक फिरायचंच थांबतं, आणि वाळली की तिच्या भेगांत पाय अडकतो. नुसता मुरूम घातला, तर पुढच्या गाडीच्या मागच्या चाकातून खडे गोळीसारखे मागच्याच्या छातीवर येतात. तलावातला गाळ दिसायला रेशमासारखा, पण दोन फेऱ्यांत त्याचा पावडरीसारखा धुरळा होतो. म्हणून आम्ही मिसळण करतो. थोडी काळी माती, बरीचशी खुलताबादच्या बाजूची भुरकट वाळूमिश्रित माती आणि ती मोकळी राहावी म्हणून साखर कारखान्याकडचा उसाचा भुसा. हे सगळं रोटाव्हेटरनं कालवायचं आणि मग काही दिवस पाणी पाजत राहायचं.

पाण्याचंच खरं शास्त्र आहे. एक प्लॉटिंगवाले शेठ होते. त्यांनी वाढदिवसाला शर्यत ठेवली होती. माणूस दिलदार. ट्रॅकच्या कडेनं फुलांच्या कुंड्या लावल्या होत्या. पाहुणे यायच्या जरा आधी त्यांना वाटलं, धूळ उडायला नको, म्हणून आम्हाला न विचारता त्यांनी सगळीकडं पाणी शिंपडून घेतलं. वरची माती साबणासारखी निसरडी झाली आणि खालची तशीच टणक राहिली. शर्यत सुटली आणि पहिल्याच वळणावर आठ-दहा गाड्या एकमेकींवर आडव्या झाल्या. कुणाला फार लागलं नाही. शेठ माझ्याजवळ येऊन काळजीनं म्हणाले, "नाना, पाणी कमी पडलं का?"

पाणी खोल मुरायला हवं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्याच्याकडं त्याला शब्द आहे, वाफसा. पेरणीच्या आधी तो मूठभर माती दाबून बघतो. मुठीत लाडू झाला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की तो फुटला पाहिजे. न फुटणारा लाडू म्हणजे चिखल, आणि लाडूच झाला नाही तर धूळ. गाडीच्या टायरलाही नेमकं तेच हवं असतं. वाफशावरच्या मातीत टायरची नखं रुततात, पण अडकत नाहीत. रायडर निर्धास्त गाडी वाकवतो. असा वाफसा पूर्ण ट्रॅकवर एकाच वेळी आणणं आणि शर्यत संपेपर्यंत टिकवणं, हे आमचं काम. खरं सांगायचं, तर बहुतेक वेळा ते अर्धंमुर्धंच जमतं.

एकदा ते पुरतं जमलं, ती गोष्ट सांगतो.

रशीदभाईंचा मुलगा अबरार आता पंचविशीत आहे. आमच्या भागातला सगळ्यात चांगला रायडर. ज्या शर्यतीची ही गोष्ट, तिच्या आदल्या वर्षी त्याच मैदानावर तो पडला होता. उन्हाळा तोंडावर आलेला, विहिरीनं तळ गाठलेला, टँकरला पाणी मिळेना. भर दुपारच्या शर्यतीत धुळीचा असा पडदा झाला, की मागच्याला पुढचा दिसत नव्हता. मोठ्या उडीच्या पलीकडं एक गाडी आडवी पडली होती. अबरार हवेतून खाली आला तो थेट तिच्यावर. मांडीचं हाड मोडलं. डाव्या पायात सळई घातली आणि तो कित्येक महिने काठीवर होता. रशीदभाईंनी त्याला गाडी सोड असं कधी म्हटलं नाही. मला मात्र एकदा गॅरेजमध्ये चहा पिताना म्हणाले, की पुढच्या साली ह्या मातीतून धूळ निघता कामा नये.

म्हणून पुढच्या वर्षी शर्यत ठरली तेव्हा आम्ही लवकर हात घातला. बाहेरगावचे नावाजलेले रायडर येणार होते. शर्यत नीट पार पडली, तर दरवर्षी इथं घ्यायची, नाही तर दुसऱ्या शहरात न्यायची, असं शर्यतीच्या संघटनेनं आयोजकांना स्पष्ट सांगितलं होतं. अबरारही पडल्यानंतर पहिल्यांदाच उतरणार होता. रशीदभाई दिवसभर टँकरच्या खेपा घालायचे, मी रोटाव्हेटर आणि ग्रेडर चालवायचो. शर्यत रविवारी होती. शुक्रवारी दुपारी मी मूठ दाबून बघितली आणि माझाच विश्वास बसेना. सगळीकडं वाफसा. माती मोकळी, भुसभुशीत, काळसर तपकिरी. रशीदभाईंनी टँकरच्या बॉनेटवर बसून डबा उघडला.

तेवढ्यात दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. अवकाळीचे दिवसच होते.

आता इथं थोडं समजून सांगायला हवं. भुसभुशीत केलेली माती म्हणजे स्पंज. तिच्यावर पाऊस पडला, की ती सगळा पिऊन टाकते आणि खालपर्यंत चिखल होतो. तो आठवडाभर वाळत नाही. त्यावर उपाय एकच. पावसाआधी रोलर फिरवून ट्रॅक वरून पक्का दाबून टाकायचा, म्हणजे पाणी आत न मुरता उतारानं वाहून जातं. पण रोलर फिरवला आणि पाऊस आलाच नाही, तर? सगळा ट्रॅक फरशीसारखा होणार. तो पुन्हा उकरून मुरेपर्यंत पाणी पाजायला ना दिवस उरले होते, ना विहिरीत तेवढं पाणी होतं. कडक ट्रॅकवर पुन्हा धूळ उठणार आणि गाड्या टणाटण उसळणार.

मी रोलर सुरू केला. पहिली उडी दाबून झाली. दुसरीच्या तोंडाशी गेलो, तर समोर रशीदभाई उभे. हलेनात. मी इंजिन बंद केलं.

"नाना, ये क्या कर रहे तुम?"

"पाऊस येतोय, रशीदभाई."

"आभाळ तर रोजच येतं. इतने दिन का काम मिट्टी में मिला देंगे?"

मी त्यांना समजावायला लागलो, पण त्यांना सगळं ठाऊकच होतं. त्यांची भीती वेगळी होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, "कडक जमीन पे उतरेगा वो. उस पैर पे."

तेवढ्यात पाचोडहून दत्ताचा फोन आला. तिकडं गारा पडत होत्या, झाडाखाली मोसंबीच्या बारक्या फळांचा सडा पडला होता. मी विचारलं, वारा कुठं जातोय? तो म्हणाला, अंबडकडं, तुमच्यापासून लांब वळल्यासारखा वाटतोय. फोनचा आवाज रशीदभाईंनी ऐकला. ते म्हणाले, "सुना? गया उधर."

खरंच तसं झालं असतं तर? आभाळाकडं बघून मला काहीच कळत नव्हतं. तिशी-चाळिशीत असतो, तर छातीठोकपणे काहीतरी ठोकून दिलं असतं. मी फक्त दोन नुकसानं शेजारी ठेवून बघत होतो. ट्रॅक कडक झाला, तर वाईट शर्यत होईल. चिखल झाला, तर शर्यतच होणार नाही.

शेवटी आम्ही अबरारला बोलावलं. तो पलीकडं गाडीची साखळी बघत होता. किंचित लंगडत आला. दोघांचं ऐकून घेतलं, आभाळाकडं बघितलं, वडिलांकडं बघितलं नाही. म्हणाला, "नाना, दाबा तुम्ही. कडक झाला तर मी हळू चालवीन. चिखल झाला तर कुणीच चालवणार नाही."

रशीदभाई बाजूला झाले, टँकरच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

मी रोलर फिरवत राहिलो. एकेक उडी, एकेक वळण. स्वतःच्या हातानं फुलवलेली माती स्वतःच दाबत होतो. शेवटचं वळण उरलं असताना वारा पडला. बराच वेळ काहीच झालं नाही. उलट पश्चिमेला पिवळं ऊन निघालं आणि मी मनातल्या मनात आयोजकांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागलो. मग रोलरच्या पत्र्यावर एक थेंब वाजला.

आला तो असा आला, की समोरची उडी दिसेना. मी यंत्र तिथंच सोडून धावलो. आणि बघतो तर, दाबलेल्या चढांवरून पाणी काचेवरून ओघळावं तसं खाली येत होतं, कडेच्या चरात पडत होतं आणि वाहून जात होतं. एकाच ठिकाणी गडबड होती. मैदानाच्या भिंतीजवळच्या सखल वळणात पाणी साचायला लागलं होतं. तिकडं पोचलो तर रशीदभाई आधीच फावडं घेऊन चर फोडत होते. नखशिखान्त भिजलेले. मी दुसरं फावडं घेतलं. आम्ही दोघांनी वाट काढली आणि पाणी धो धो बाहेर पडलं. पाऊस थांबल्यावर त्यांनी फावडं टँकरला टेकवलं आणि घरी निघून गेले. त्यांचा राग गेला नव्हता, हे मला कळलं.

शनिवारी सकाळी शेट्टी साहेब आले. ते बेंगळुरूचे, संघटनेनं पाठवलेले शर्यतीचे मुख्य अधिकारी. ट्रॅक त्यांनी पास केला तरच शर्यत होणार. शांत माणूस. सगळा ट्रॅक ते पायी फिरले. वरचा थर ओला, चकाकता आणि निसरडा होता. आयोजक घाबरून म्हणत होते, की कोरडा मुरूम आणून वर टाकू. मी म्हणालो, मुरूम टाकू नका, दुपारपर्यंत ऊन खाऊ द्या. शेट्टी साहेबांनी विचार केला, आणि सराव संध्याकाळवर ढकलला. जाता जाता मला म्हणाले, की उड्यांच्या चढाला फार खोल हात लावू नका, आत ओल राहिली असेल तर तिथं खड्डा पडेल. मी सगळंच खोल उकरणार होतो. त्यांचं म्हणणं पटलं, आणि चढ मी वरवरच मोकळे केले. ते केलं नसतं, तर फसलो असतो.

दुपारी ऊन चटकायला लागल्यावर मी ग्रेडर काढला. दुधावरची साय काढावी तसा ओला पापुद्रा पात्यानं हलकेच कडेला लोटला. त्या पापुद्र्याखाली शुक्रवारची माती तशीच होती. नाही, शुक्रवारपेक्षा चांगली. पावसाची थोडीशीच ओल आत उतरली होती, आणि ती टँकरच्या पाण्यासारखी इथं जास्त तिथं कमी नव्हती. सगळीकडं सारखी. मी रोटाव्हेटर फिरवला. वाफ निघावी तसा मातीचा वास आला.

रशीदभाई टँकर घेऊन उभे होते. सकाळपासून माझ्याशी बोलले नव्हते. मी मूठभर माती उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी दाबली. लाडू झाला. अंगठ्यानं टिचकी मारली. लाडू फुटला, चार तुकडे तळहातावर राहिले.

"टँकर घर भेज देता हूँ," ते म्हणाले. "इसकी जरूरत नहीं."

रविवारी मैदान भरलं. दत्ताही पाचोडहून आला होता. निम्मं फळ गेलं होतं त्याचं. मी विचारायच्या आधी तोच म्हणाला, "तुझ्यावर तरी बरा पडला, दादा." त्याच पावसानं त्याचं नेलं आणि मला दिलं, हे माझ्या मनात अजून सलतं. पण तो दिवसभर माझ्या शेजारी उभा राहिला.

पहिली शर्यत सुटली आणि मी नेहमीप्रमाणं धुळीची वाट बघितली. धूळ नाही. चाकांतून मातीची ढेकळं उडत होती, आणि पुढच्या गाडीपासून मागच्या गाडीपर्यंत सगळं लख्ख दिसत होतं. असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. शर्यत संपल्यावर बाहेरगावचे रायडर हेल्मेट काढून एकमेकांशी हसून बोलत होते. हे फार क्वचित होतं. एरवी ते ट्रॅकला शिव्या देत असतात.

अबरारची शर्यत शेवटची होती. पुढं कुणाल नावाचा पुण्याचा मुरलेला रायडर. पहिल्या फेरीपासून तो आघाडीवर, अबरार त्याच्या मागं. मोठ्या उडीच्या आधी एक वळण आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला आम्ही मातीची उंच पाळ केली होती, तिच्यावर गाडी टेकवून सगळे वेगानं वळत होते. आतल्या बाजूनं कुणीच जात नव्हतं. तिथून अंतर कमी, पण वळण फार आखूड. एरवीच्या मातीत तिथं गाडी घसरतेच. मधल्या काही फेऱ्यांत माझ्या लक्षात आलं, की अबरार दर खेपेला थोडाथोडा आत येतोय. चाकानं स्वतःची चाकोरी पाडतोय. माती वाफशावर होती, म्हणून ती चाकोरी धरून राहिली, ढासळली नाही.

मराठीत आपण चाकोरी सोडा असं सांगतो. आमच्या धंद्यात चांगली चाकोरी सापडली की तिच्यात जीव टाकून बसायचं असतं.

शेवटच्या फेरीत कुणाल पाळीवर गेला आणि अबरार आत घुसला. चाक चाकोरीत बसलं, गाडी जवळजवळ आडवी झाली, डावा पाय बाहेर आला. रशीदभाई उडीच्या पलीकडं, उतारावर उभे होते. त्यांचं लक्ष गाडीकडं नव्हतं, त्या पायाकडं होतं. अबरार वळणातून बाहेर पडला तो कुणालच्या अर्धी गाडी पुढं. दोघं एकदमच उडीवर चढले. हवेत दोन गाड्या शेजारी शेजारी. अबरारची आधी उतरली. मऊ, तिरक्या मातीवर, आवाजसुद्धा न होता.

मैदानात काय गोंधळ झाला, ते मी सांगत नाही. दत्तानं माझी पाठ एवढ्या जोरात थोपटली, की दोन दिवस दुखत होती.

अबरार रेघ ओलांडून आला, गाडी टाकली, हेल्मेट काढलं. तोंडावर माती आणि घाम. बापाच्या गळ्यात पडण्याआधी माझ्याकडं वळून म्हणाला, "नाना, शेवटपर्यंत सगळं दिसत होतं."

बक्षीस समारंभाला आम्ही मागंच उभे होतो. असल्या कार्यक्रमात ट्रॅकवाल्यांचं काम नसतं. पण दुसरा आलेला कुणाल मंचावरून उतरला, सरळ आमच्याकडं आला आणि रशीदभाईंचा हात धरून त्यांना वर न्यायला लागला. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत मातीनं भरले होते. ते नको नको म्हणत होते. शेट्टी साहेबांनी मला ढकललं. पुढच्या वर्षीची शर्यत इथंच, हे त्यांनी तिथंच जाहीर केलं. निवेदकाला आमची नावं ठाऊक नव्हती. त्यानं माइक पुढं करून विचारलं, की हा ट्रॅक नेमका कुणी बनवला?

रशीदभाईंनी माइक घेतला. मंचावर उभं राहून बोलायची त्यांची पहिलीच वेळ असावी.

"बारिश ऊपरवाले की," ते म्हणाले, "रोलर नाना का. मैं तो बस झगड़ा करा."

सगळं मैदान हसलं. त्यांनी माइक माझ्या हातात दिला. समोर एवढी माणसं, दत्ता, मातीनं माखलेला अबरार. मला भाषण येत नाही. मी रशीदभाईंकडं बघून म्हणालो, "पुढच्या वर्षीबी भांडायला या."